तूर : कीडप्रतिकारक वाणांचा शोध

मराठवाड्यातील तुरीच्या वाणसंशोधनाचे प्रमुख केंद्र बदनापूर हे होय. १९८१ पर्यंत हे गाव औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होते. पुढे ते जालना जिल्ह्यात गेले. येथील संशोधन परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) अखत्यारीत चालते. बीएसएमआर ७३६ व बीएसएमआर ८५३ या येथील वाणांनी मर व वांझ या दोन्ही रोगांना समर्थपणे तोंड दिले.

शेंगा पोखरणाऱ्या अळीबाबत (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) मात्र असे यश लाभले नाही. १९८७ च्या सुमारास आंध्र प्रदेशात ही अळी कीटकनाशकांना दाद देईनाशी झाल्यावर प्रतिकारक वाणांची निकड अधिकच भासू लागली. परंतु त्यांची पारख सोपी नसते. लवकर येणारा वाण अळीचा जोर होण्यापूर्वीच शेंगा भरून घेतो; तो बचावतो इतकेच, त्याला प्रतिकारक म्हणता येत नाही. म्हणून फवारणी न केलेल्या शेतात एकाच मुदतीच्या वाणांची परस्परांशी तुलना करतात. पतंचेरू (हैदराबादजवळ) येथील इक्रिसॅट संस्थेत अशा निवडीतून सिद्ध झालेला आयसीपीएल ३३२ हा वाण १९८९ मध्ये आंध्र प्रदेशात ‘अभया’ या नावाने प्रसारित झाला. त्याची अळीविरुद्धची प्रतिकारक्षमता मध्यम असून मर रोगाला तो बळी पडे. याहून प्रखर प्रतिकार तुरीच्या कॅजॅनस स्कॅरॅबिऑयडिस या रानटी सोयरीत आढळतो. तिच्या शेंगांवरील दाट लवेमुळे लहान अळीला शेंगेच्या सालीपर्यंत पोहोचणे कठीण जाते.