युद्ध एक, बातम्या अनेक

वऱ्हाडच्या कापसाची गोष्ट आपण नेहमी काळ्या जमिनीपासून सांगतो. आज ती परदेशी वर्तमानपत्रांपासून सांगतो.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेतली पत्रे त्याला ‘बंड’ म्हणत, दक्षिणेतली ‘स्वातंत्र्ययुद्ध’. लंडनच्या ‘टाइम्स’चा कल दक्षिणेकडे होता. गंमत अशी, की लंडनच्या याच पत्रांनी चारच वर्षांपूर्वी आपल्या १८५७ च्या उठावाला ‘शिपायांचे बंड’ ठरवले होते! ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल १८५८ मध्ये लखनौला होता आणि १८६१ मध्ये अमेरिकेत. बुल रनच्या लढाईत उत्तरेच्या फौजेची झालेली पळापळ त्याने लिहिली, तेव्हा उत्तरेतली पत्रे त्याच्यावर तुटून पडली. १८६२ मध्ये तो मायदेशी परतला. तिकडे व्हिएन्नाच्या पत्रात कार्ल मार्क्स लिहीत होता, की या भांडणाचे मूळ गुलामगिरी आहे.

लंडनच्या या कलामागे इतर कारणांबरोबर कापूसही होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई. उत्तरेने बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. तरीही डिसेंबर १८६२ मध्ये मँचेस्टरच्या कामगारांनी लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. उपाशी पोटी लिहिलेले ते पत्र मला साऱ्या अग्रलेखांहून मोठे वाटते.

तिकडची टंचाई ती इकडची तेजी. लिव्हरपुलात भाव चौपट झाला, मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाड तेव्हा नुकताच, १८५३ मध्ये, निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. अमरावती, अकोला, खामगावकडच्या कापसालाही मोल चढले. आपल्या शेतकऱ्याच्या हाती वर्तमानपत्र नव्हते. व्यापारी सांगेल तो भाव, हीच त्याची बातमी.

१८६५ मध्ये युद्ध संपले. सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. त्याच बातमीने कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईत पेढ्यांची दिवाळी निघाली. जी बातमी एका घरी सुटकेची, तीच दुसऱ्या घरी बुडण्याची.

आजही दूरदेशीच्या लढाईची बातमी वाचताना मी दोन प्रश्न विचारतो. बंड की स्वातंत्र्ययुद्ध, हे नाव कोणी दिले? आणि ते नाव देणाऱ्याचा माल कोणत्या बंदरात अडकला आहे?