बहात्तर जेवणे आणि सत्तावीसशे तास

मुंबई विद्यापीठात शिकलेल्या माणसाला ‘एटीकेटी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एकदोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देतात, एवढा त्याचा व्यवहारातला अर्थ. अक्षरे सोडवली तर मात्र ‘अलाउड टु कीप टर्म्स’ असे निघते, आणि टर्म ‘राखायची’ म्हणजे नेमके काय करायचे, हे वकील होऊनही मला बरीच वर्षे उमगले नव्हते. उमगले ते गांधीजींची आत्मकथा दुसऱ्यांदा वाचताना.

गांधीजी नोव्हेंबर १८८८ मध्ये लंडनच्या इनर टेम्पलमध्ये दाखल झाले. बॅरिस्टर होण्यासाठी दोन गोष्टी लागत. एक, टर्म राखणे, दुसरी, परीक्षा. टर्म एकूण बारा, म्हणजे साधारण तीन वर्षे. ती राखायची कशी, तर तिथल्या भोजनगृहात पंगतीला बसून. प्रत्येक टर्ममध्ये चोवीसेक जेवणे होत, त्यांतल्या किमान सहांना हजर राहावे लागे. पोटात अन्न गेलेच पाहिजे असेही नव्हते. वेळेवर यायचे आणि पंगत उठेपर्यंत बसायचे, की हजेरी लागली. चार जणांत मिळून वाइनच्या दोन बाटल्या मिळत, आणि हा हिंदी विद्यार्थी पीत नसल्यामुळे त्याला आपल्या चौकडीत ओढण्यासाठी इतरांची चढाओढ चाले. बाराला सहाने गुणा. बहात्तर जेवणांची बॅरिस्टरी.

परीक्षाही तशीच. गांधीजी लिहितात की रोमन कायद्याचा पेपर मुले टाचणे वाचून पंधरा दिवसांत उरकत आणि कॉमन लॉचा दोन-तीन महिन्यांत. परीक्षा वर्षातून चारदा होई आणि बहुतेक सगळे पास होत. गांधीजींनी मात्र पुस्तके विकत घेतली होती, ती न वाचणे त्यांना फसवणूक वाटले. रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधून वाचला, कॉमन लॉला नऊ महिने दिले. तरी वेळ उरला, म्हणून लंडनची मॅट्रिक केली. तीत पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापासही झाले. १० जून १८९१ ला ते बॅरिस्टर झाले, ११ ला हायकोर्टात नाव नोंदवले, १२ ला बोटीत बसले. आणि बोटीत बसताना आपल्याला साधा अर्जदावा लिहिता येत नाही, या विचाराने ते धास्तावलेले होते.

हे सगळे उकरायला निमित्त झाले ते घरचे. माझी भाची एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. यंदा तिने तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घ्यायचे ठरवले आणि कागद-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. “मामा, तू नोकरी करत केलंस ना? मग मला सांग, कुठल्या सेमिस्टरला किती भार येईल आणि नोकरी कधीपर्यंत टिकवता येईल.” मी सांगू लागलो आणि लक्षात आले, मी ज्या कायद्याच्या पदवीबद्दल बोलतोय ती आता अस्तित्वात नाही.

आपल्याकडे ही पदवी आरंभापासूनच जोडीची पदवी होती. मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चे, म्हणजे विद्यापीठाहून दोन वर्षांनी थोरले. सरन्यायाधीश सर एर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ जमलेल्या निधीतून तिथले कायद्याचे अध्यासन उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे १८६६ साली एलएल.बी. झाले, टिळक १८७९ साली. ‘बी.ए., एलएल.बी.’ ही अक्षरे एका दमात उच्चारायची सवय आपल्याला तेव्हापासूनची. विद्यापीठ परवडत नसे त्याला वकिलीच्या परीक्षेची वेगळी वाट होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर टिळकांनी पुण्यात याच परीक्षेसाठी लॉ क्लास चालवला आणि चरितार्थाला त्याचा हातभार लागला. कायदा शिकणारा माणूस दिवसाचा काही भाग दुसऱ्या कशाला तरी देणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते.

ही मोकळीक आळशांच्या सोयीची होती, असे कोणी म्हणेल. पण तिचा सर्वांत कसून उपयोग कोणी केला ते पाहा. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला पोचले आणि एकाच हिवाळ्यात दोन ठिकाणी नाव घातले: अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये परतावे लागले. विद्यापीठाकडून मात्र त्यांनी अर्धवट अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा मिळवून ठेवली होती. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून काटकसर, शाहू महाराजांची मदत, पारशी मित्राकडून उसने पैसे, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. ही वर्षे ओळीने लिहिली की सोपी वाटतात. प्रत्यक्षात हे पैशांचे आणि तासांचे एक काटेकोर अंदाजपत्रक होते. कायद्याच्या बाजूने हजेरीची मागणी हलकी होती, म्हणून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्याच काळात लिहून झाला.

पुढे तेच १९३५ मध्ये गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १९३६ साली कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. त्यांना हे शिक्षण तोकडे वाटत होते. नुसती कलमे येऊन वकील होत नाही, भोवतालच्या विद्यांचे भान लागते, असा त्यांचा आग्रह होता. सैल चौकटीचा पुरेपूर लाभ घेतलेला माणूस ती चौकट घट्ट करा म्हणतो, यात मला विसंगती दिसत नाही. चौकटीने जे दिले नाही ते त्यांनी स्वतः रात्री जागून मिळवले होते. तेवढे जागणारे किती, हे वर्गात शिकवताना त्यांना दिसलेच असणार.

घट्टपणा यायला मात्र वेळ लागला. ‘फर्स्ट एलएल.बी.’ आणि ‘सेकंड एलएल.बी.’ अशी पदवीनंतरची दोन वर्षे पुष्कळ काळ चालली. १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला आणि १९६७ नंतर वकिलीच्या सनदेसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आवश्यक ठरला. आमच्या विद्यापीठाने यातूनही वाट काढली: दोन वर्षांनी ‘एलएल.बी. (जनरल)’, तिसरे वर्ष केले तरच कोर्टात उभे राहता येईल अशी पदवी. मुंबईतल्या जुन्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या आणि कंपनी सेक्रेटऱ्यांच्या पाट्यांवर कंसातले ते ‘जन.’ अजून दिसते.

मी १९८१ मध्ये नाव घातले तेव्हा एका कचेरीत कारकून होतो. साडेसातला पहिला तास, त्यासाठी डोंबिवलीहून सहाच्या आतली लोकल. दहाला सुटलो की साडेदहाचे मस्टर. आमच्या वर्गात टपाल खात्यातले होते, रेल्वेतले होते, दोन शाळामास्तर होते, एक फौजदार होता. दोन वर्षांनंतर निम्मा वर्ग ‘जनरल’ घेऊन गळला. मी कागदावर आखणी केली होती: करार आणि अपकृत्ये लोकलमध्ये, हिंदू कायदा जेवणाच्या सुट्टीत, दिवाणी प्रक्रिया संहिता रविवारी, कारण ती उभ्याने वाचता येत नाही. उपस्थितीचा नियम होता आणि प्रॉक्सीही होती. एक प्राध्यापक वर्षभरात मोजून नऊ वेळा आले. आम्हीही त्यांच्याविरुद्ध ब्र काढला नाही, कारण आमची हजेरी तरी कुठे खरी होती? ही पदवी मी मिळवली आणि तिच्यावर चाळीस वर्षे पोट भरले, पण तीन वर्षांत कायदा शिकलो असे म्हणायची हिंमत मला होत नाही. शिकलो ते नंतर, एका ज्येष्ठ वकिलांच्या बस्त्यांतून.

उलट दिशेचे पाऊल १९८२ मध्ये बार कौन्सिलने पडू दिले: बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. तो खऱ्या अर्थाने रुजला बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये. माधव मेनन यांच्या संचालकत्वाखाली १९८८ मध्ये तिथे पहिली तुकडी बसली. निवासी शिक्षण, वर्षाला तीन सत्रे, पाच वर्षांत पंधरा. कारकुनाला तिथे जागा नव्हती, आणि ती नसावी हाच बेत होता.

मग २००८ चे कायदेशिक्षण नियम आले आणि साध्या कॉलेजांनाही तासांचे माप लागले. आठवड्याला किमान ३० तास, त्यांत २४ व्याख्यानांचे. सत्र किमान १५ आठवड्यांचे. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. सोबत दुसऱ्या पदवीला नाव घालायचे नाही. तीन वर्षांत सक्तीचे २० विषय, प्रात्यक्षिकाचे ४, ऐच्छिक ६, शिवाय १२ आठवड्यांची इंटर्नशिप, तीही सलग चार आठवड्यांहून जास्त नाही.

भाचीने गुणाकार केला. ३० गुणिले १५, सहा सत्रे: २७०० तास. सत्तर टक्के म्हणजे १८९०. तीस विषय सहा सत्रांत वाटले की दर सत्राला पाच. तिची नोकरी आठवड्याला पंचेचाळीस तासांची.

हे नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. माझ्या वर्गातली ती नऊ व्याख्याने त्यांच्या बाजूने साक्ष देतील. पण फौजदार आणि शाळामास्तर ज्या दारातून आत आले, ते दार संध्याकाळी ७ ला बंद झाले, हेही खरे. हजेरीपुस्तकात आजही खोट्या सह्या होतातच. फरक एवढा की आमच्या वेळी ती चालढकल होती, आता नोकरदाराला ते नियमभंग समजून करावे लागते. आंबेडकरांनी १९१६ मध्ये केलेली दुहेरी नावनोंदणी आज मुंबईत कोणी केली, तर दोन्हीपैकी एक रद्द करून घ्यावी लागेल.

भाचीला मी ऐच्छिक विषयांत करविषयक गट घ्यायला सांगितले. ते तिला निम्मे येतातच, तिथे श्रम वाचतील. दिवाणी प्रक्रिया संहिता ज्या सत्रात असेल त्यात इंटर्नशिप टाकू नकोस, असेही. पहिली दोन सत्रे अर्धवेळ कामावर भागवता येतील का, हे ती मालकांना विचारणार आहे. राजीनाम्याचा मसुदा तिने लिहून ठेवला आहे. मी तो वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढून दिली. तारखेची जागा मोकळी आहे.