काळ्या चबुतऱ्याचा चौक

आमच्या घरातली जुनी माणसं क्रांती चौकाला शेवटपर्यंत काळा चबुतराच म्हणत. जून १८५७मध्ये इथल्या, म्हणजे औरंगाबादच्या, छावणीत कुणकुण पसरली, की हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाला दिल्लीच्या बंडवाल्यांवर धाडणार. स्वार बिथरले. इंग्रजांचा जनरल वुडबर्न फौज नि तोफा घेऊन आला. घोडदळाच्या कॅप्टन ॲबटवर गोळी झाडणारे दफेदार मीर फिदा अली इथेच फासावर गेले. साथीदारांपैकी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. तोफेच्या तोंडी! शाळेत आम्हाला मीरत, कानपूर, झाशी पाठ होतं, हे नाही.

पुढे इथे शिवाजी महाराजांचा पुतळा आला, जालना रोडची वर्दळ वाढली, मग उड्डाणपूल झाला. पुलापुढे महाराज ठेंगणे दिसू लागले आणि ते शहराला सहन होईना. २०२२च्या शिवजयंतीला ३१ फुटी चौथऱ्यावर २१ फुटी नवा पुतळा दिमाखात उभा होता. मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चाही ९ ऑगस्ट २०१६ला याच चौकातून निघाला.

शहरं बदलतातच, पण जुनं जपताही येतं. न्यूयॉर्कमध्ये समुद्रकाठच्या कोनी आयलंडचं झोनिंग, म्हणजे जमीनवापराचे नियम, २००९ साली बदललं. तिथला १९२७चा ‘सायक्लोन’ रोलरकोस्टर मात्र १९८८पासूनच संरक्षित वास्तू होता, म्हणून टिकला. करमणुकीच्या पाळण्याला एवढं कवच मिळतं. आपल्या चौकाचं पुढचं सुशोभीकरण होईल, तेव्हा सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यालाही वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत मीर फिदा अलींचं नाव तिथे हवं.