हे खरेच घडले होते काय?

युद्धातील हेरगिरीची चित्तथरारक कथा वाचून संपली की वाचक पुस्तक मिटतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "हे खरेच घडले होते काय?" मीही तेच विचारतो. पण या प्रश्नाला केवळ 'होय' एवढे उत्तर पुरत नाही, हे मला एका इंग्रजी कादंबरीच्या इतिहासाने शिकवले.

१९५० साली डफ कूपर यांची 'ऑपरेशन हार्टब्रेक' प्रसिद्ध झाली. कूपर युद्धकाळात ब्रिटिश सरकारात मंत्री होते. त्यांचा नायक हा एक लष्करी अधिकारी. सारा जन्म रणांगणाची वाट पाहतो, पण ते त्याच्या नशिबी येत नाही. मेल्यावर मात्र त्याच्या प्रेतावर खोटे कागद ठेवून ते समुद्रात सोडतात आणि शत्रू फसतो! ही कथा छापू नये म्हणून सरकारी गोटातून खटपट झाली होती. निव्वळ कल्पित कथेची एवढी धास्ती कोण घेईल?

तोच वास एका पत्रकाराला आला आणि तो माग काढीत स्पेनपर्यंत पोहोचला. गुपित फुटणारच, तर ते आपल्याच माणसाने सांगावे, असे सरकारने ठरवले. १९५३ साली नौदलाच्या हेरखात्यात काम केलेले यूएन मॉन्टेग्यू यांचे 'द मॅन हू नेव्हर वॉज' निघाले, आणि कादंबरीचा गाभा खरा असल्याचे वाचकांना कळले.

३० एप्रिल १९४३ रोजी पहाटे 'सेराफ' पाणबुडीने स्पेनच्या वेल्वा गावाजवळ एक प्रेत पाण्यात सोडले होते. अंगावर मेजर विल्यम मार्टिनचा गणवेश, कमरेला साखळीने अडकवलेली बॅग. बॅगेत सेनापतींची पत्रे. त्यांवरून दोस्तांचा रोख ग्रीस आणि सार्डिनियाकडे आहे असे भासावे. खिशात वाङ्निश्चयाच्या अंगठीचे बिल, प्रेयसीची पत्रे, तिचे छायाचित्र, बँकेचा तगादासुद्धा! स्पेन तटस्थ, पण पत्रांतला मजकूर जर्मनांच्या हाती गेलाच. हिटलरने ग्रीसकडे कुमक धाडली आणि १० जुलैला दोस्त उतरले ते सिसिलीत.

वाचक सुखावले. पण एक प्रश्न उरलाच होता : तो मृत माणूस कोण? मॉन्टेग्यूंनी एवढेच लिहिले होते, की तो न्युमोनियाने वारला आणि नाव न सांगण्याच्या अटीवर नातलगांनी संमती दिली. तेही खरे नव्हते. १९९६ साली एका हौशी संशोधकाला सरकारी दप्तरात नाव सापडले : ग्लिंडूर मायकेल. वेल्समधला निराधार मनुष्य, वय ३४; आईबाप आधीच गेलेले. लंडनमध्ये उंदराचे विष पोटात जाऊन त्याचा अंत झाला होता. संमती विचारणार कोणाला?

म्हणजे गंमत पाहा. जी कादंबरी म्हणवली तिच्यात घटना खरी निघाली. जे सत्यकथन म्हणवले त्यात माणूस लपवला गेला! ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्याच्या प्रेताला मेजरची पदवी, प्रेयसी आणि बँकेचे खाते मिळाले. स्वतःचे नाव तेवढे मिळाले नाही.

वेल्वाच्या थडग्यावर मेजर मार्टिनच्या नावाखाली १९९८ साली मायकेलचे नाव कोरले गेले. पंचावन्न वर्षे लागली. आता युद्धकथा मिटताना मी आणखी एक प्रश्न विचारतो : "यात कोणाचे नाव राहून गेले?"