बुडण्यासाठी घडवलेली वाटी

तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. ढबू पैसा पाण्यात टाकला की सरळ तळ गाठतो. तेच तांबं ठोकून त्याची वाटी केली की मात्र तरंगतं. वाटी आपल्या पोकळीसकट पाण्यात रुतते, आणि तिने बाजूला सारलेलं पाणी तिच्या वजनाइतकं भरलं की तिथेच थांबते. आता या वाटीच्या बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक पाडलं तर? तरंगेल, पण ठरावीक वेळच. घटिकापात्र ते हेच.

त्याच्या आधी आपल्याकडे वेळ मोजायचे ते पाणी बाहेर सोडून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घड्याला भोक पाडायची रीत दिली आहे: चार माष सोन्याची चार अंगुळं लांब तार ओढायची, तिच्या जाडीचं भोक ठेवायचं, त्यातून एक आढक पाणी जायला लागेल तो वेळ म्हणजे एक नालिका. पण घडा रिता होत जातो तसा दाब उतरतो, धार मंदावते आणि शेवटी थेंब थेंब ठिबकत राहतं. वेळ नक्की कधी संपली म्हणायची?

बुडत्या वाटीने हा घोळ मिटवला. भोकातून बारीक कारंजं आत उडतं, वाटी हळूहळू खाली जाते, काठ पाण्याच्या जवळ येतो. तोवर बघणाऱ्याला काहीच करायचं नसतं. काठ पाण्याला टेकला की पाणी चहूबाजूंनी आत घुसतं आणि वाटी एका क्षणात तळाला. वेळ संपल्याचं ती स्वतःच सांगते. म्हणून मला हे यंत्र थोर वाटतं.

सूर्यसिद्धान्तात हे पात्र अहोरात्रात 60 वेळा बुडावं असं म्हटलं आहे. म्हणजे एक बुडी आपल्या 24 मिनिटांची. सातव्या शतकात नालंदेला राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने तिथल्या विहारातल्या अशा पात्रांची आणि त्यावर वाजणाऱ्या नगाऱ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. आठव्या शतकातल्या लल्लाने तर मापंच दिली: दहा पळं तांबं, सहा अंगुळं उंची, बारा अंगुळं रुंदी. अंगुळ पाऊण इंचाचं आणि पळ चार तोळ्यांचं धरलं, तर अर्ध्या किलोच्या आतलं हे भांडं सुमारे तीन लिटर पाणी पोटात घेतं. तरंगायला त्याच्याकडे भरपूर ऐपत असते. भोक ती पळापळाने खर्चून टाकतं.

पण या मापांवर विसंबायचं का? सह्याद्रीच्या कुशीतल्या भास्कराचार्यांनी 1150च्या सिद्धान्तशिरोमणीत साफ नकार दिला. वजनाची आणि आकाराची ही कलमं युक्तीला धरून नाहीत, शिवाय तशी वस्तू घडवणंही कठीण, असं त्यांचं म्हणणं. त्यांची रीत सोपी: कसंही पात्र घ्या, दिवसरात्रीत ते किती वेळा बुडतं ते मोजा आणि त्या आकड्याने अहोरात्राला भागा. येईल ते त्या पात्राचं माप. काठाची जाडी, भोकाचा खडबडीतपणा, सगळं त्या मोजणीत आपोआप धरलं जातं. तांबटाच्या हातोडीतला फरकही गणितात सामावून घेणारी ही बुद्धी मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

पुढे बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या घड्याळजींचं वर्णन केलं. पात्र भरलं की ते पितळी थाळीवर टोले देत. आपल्याकडे लग्नघरी जोशीबुवा गंगाळात घटिकापात्र सोडत आणि अंतरपाट दूर करायचा क्षण त्यावरून ठरे. मनगटी घड्याळं आली तेव्हा ते काम संपलं, पूजेचा मान काही ठिकाणी उरला.

जुन्या घराच्या माळ्यावर बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सापडली, तर गळकी म्हणून मोडीत घालू नका. आधी भोकातली कीट हलक्या हाताने काढा, वाटी स्वच्छ पाण्यात सोडा आणि घड्याळ लावा. 24 मिनिटांच्या आसपास बुडाली तर जपून ठेवा.