तळटीप १७ : वंदना आणि सुटकेची आठवण

१७. येथे उल्लेख आहे तो घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील वंदनेचा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा शेजारी-शेजारी, पुढे मेणबत्ती नि अगरबत्ती. हे पाहून काहीजण तिला विभूतिपूजा म्हणतात आणि बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भक्तीबद्दल दिलेल्या इशाऱ्याकडे बोट दाखवतात. तो इशारा राजकारणातल्या भक्तीपुरता होता, एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. वंदनेत म्हटले काय जाते, ते पाहावे. शरण जायचे ते बुद्ध, धम्म आणि संघाला, बाबासाहेबांना नव्हे. लगेच पंचशील, म्हणजे स्वतःवर घातलेली बंधने. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेतही अस्पृश्यतेतून सुटण्याबरोबरच चोरी न करण्याची, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली. कोकणातून मुंबईत आलेले बेने इस्रायलीही वल्हांडणाला मिसरच्या गुलामगिरीतून झालेली सुटका आठवतात, पण तेथे सोडवणारा देव आहे. बाबासाहेबांच्या लेखी बुद्ध मोक्षदाता नव्हे, मार्गदाता. ११ जुलै १९९७ रोजी याच रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला. मग कसली सुटका, असे कोणी विचारील. पण १९५६ ची आठवण अन्याय संपल्याचा दाखला म्हणून जपलेली नाही; तो निमूट सोसायचा नाही, हे लोकांनी तेव्हाच ठरवले होते.