काबुलीवाल्यांचा व्यापार

हिवाळ्याच्या तोंडावर अफगाण भटके व्यापारी, म्हणजे पोविंदे, उंटांचे तांडे घेऊन गोमल खिंडीतून सिंधूच्या खोऱ्यात उतरत. बायकामुले तिथल्या तळावर ठेवून पुरुष रेल्वेने थेट बंगाल-आसाम गाठत. हिंग, बदाम, मनुका, शाली असा त्यांचा माल. वसंतात परतीची वाट. विक्री बरीचशी उधारीवर चाले. पुढे त्यातूनच सावकारी फोफावली. व्याज जबर, वसुली दांडगाईची. त्यामुळे कलकत्त्यात या काबुलीवाल्यांची लोकांना धास्तीच असे.

रवींद्रनाथांच्या १८९२च्या ‘काबुलीवाला’ कथेतला रहमत याच पेशातला. शालीचे पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाला भोसकून तो तुरुंगात जातो, हे त्या व्यवहाराला धरूनच आहे. मात्र लेखकाने पाहिले ते दुसरेच: काबूलकडे राहिलेली त्याची मुलगी आणि तिच्या वयाच्या मिनी या छोट्या मुलीशी जडलेली त्याची मैत्री.

याच कथेवर तपन सिन्हांनी १९५७मध्ये छबी विश्वासांना घेऊन बंगाली चित्रपट काढला. बिमल रॉय यांची निर्मिती असलेला हिंदी चित्रपट, बलराज साहनींचा, १९६१चा. त्याच वर्षी पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमा बंद झाली आणि फाळणीनंतर आधीच रोडावलेली तांड्यांची वाट जवळपास तुटली.